बारा शीटची षटकोनी खोली: प्लायच्या तात्पुरत्या निवाऱ्याचे सांधे कसे जोडावेत

८ फूट बाय ४ फुटांच्या प्लायच्या १२ शीट घ्या. त्यांतल्या सहा आडव्या उभ्या केल्या की षटकोनी भिंत होते. उरलेल्या सहा कर्णावर कापून जोडल्या की सहा त्रिकोण होतात आणि त्यांचं छप्पर वर बसतं. मध्ये खांब नाही, वासे नाहीत, कापताना तुकडाही वाया जात नाही, आणि आत १६६ चौरस फूट जागा मिळते. विनय गुप्ता यांनी २००२ मध्ये हा आराखडा मांडला आणि कुणीही वापरावा म्हणून मोकळा ठेवला. 'हेक्सायर्ट' या नावाने तो जगभर ओळखला जातो.

आपल्याकडे ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची कोपी, वीटभट्टीवरची झोपडी, बांधकामावरचं पत्र्याचं खोपट हे सगळं एका हंगामापुरतं उभं राहतं आणि त्यात लहान मुलं झोपतात. अशा जागी ही खोली उपयोगी आहे, कारण ती सुटी करून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत नेता येते आणि पुढच्या ठिकाणी पुन्हा उभी करता येते. मात्र तिला सांगाडा नसल्यामुळे सगळा भार सांध्यांवर येतो. प्लाय कितीही चांगला आणला तरी सांधा कच्चा असेल तर पहिल्या वळवात छप्पर उचललं जाईल. म्हणून हा लेख फक्त सांध्यांबद्दल आहे.

आधी मापं आणि कोन

षटकोनाची प्रत्येक बाजू ८ फूट, भिंतीची उंची ४ फूट. छपराचा उतार ३० अंशांचा, त्यामुळे भिंतीच्या माथ्यापासून शेंडा आणखी ४ फूट वर जातो. म्हणजे मधोमध ८ फूट उंची मिळते आणि माणूस ताठ उभा राहतो. कडेला मात्र वाकावं लागतं. ते नको असेल तर खाली दोन फुटांचा विटांचा किंवा दगडांचा ओटा बांधून त्यावर भिंत उभी करा.

या खोलीत सांधे चार प्रकारचे आहेत. त्रिकोणाच्या मधोमध दोन अर्ध्या तुकड्यांचा सपाट सांधा. भिंत आणि भिंत यांच्या कोपऱ्याचा उभा सांधा, १२० अंशांचा. भिंत आणि छप्पर यांच्यामधला आडवा सांधा, तोही १२० अंशांचाच. आणि दोन शेजारच्या त्रिकोणांमधला तिरपा कंगोरा, १५१ अंशांचा. दोन सांध्यांचा कोन एकच आहे ही मोठी सोय आहे, कारण पत्र्याच्या पट्ट्या वाकवून घेताना दोनच नमुने द्यावे लागतात.

टेपवर भागेल का?

अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात भरणाऱ्या 'बर्निंग मॅन' मेळ्यात लोक हीच खोली फोमच्या हलक्या बोर्डांची करतात आणि दोऱ्याच्या जाळीच्या ६ इंची टेपने जोडतात. तिथे ते टिकतं, कारण हवा कोरडी असते आणि मुक्काम आठवडाभराचा असतो. आपल्याकडे मी एकट्या टेपवर कुणालाही झोपायला सांगणार नाही. प्लायवर धूळ बसते, सकाळी दव पडतं, उन्हात चिकट थर मऊ होतो आणि टेपची कड उचलते. खोकी बंद करायची तपकिरी टेप तर उन्हात लवकर तडकते. टेपला इथे एकच काम द्यायचं, पाणी अडवायचं. भार पेलायचं काम बोल्ट, पट्टी आणि दोर यांचं. फोमचे बोर्ड तर माणसं राहणार असतील तिथे नकोच. ते झटकन पेट घेतात आणि त्यांचा धूर जीवघेणा असतो.

सामान

भिंतींना १२ मिलिमीटरचा प्लाय घ्या. बांधकामावरून निघालेला सेंटरिंगचा जुना प्लाय स्वस्त मिळतो आणि भिंतीला तो चालतो, फक्त कोपरे फुटलेले नकोत. छपराला ९ मिलिमीटरचा बरा. त्याची एक शीट साधारण १६ किलोंची असते, दोन माणसं सहज उचलतात.

पट्ट्यांसाठी २० गेजच्या साध्या सपाट जीआय पत्र्याच्या ८ बाय ४ फुटांच्या दोन शीट पुरतात. फॅब्रिकेशनवाल्याकडून त्यांच्या ६ इंच रुंद, ८ फूट लांब पट्ट्या कापून घ्या. एका शीटमधून आठ, दोन्ही मिळून सोळा. सहा कंगोऱ्यांना सहा, भिंत-छपराच्या सांध्याला सहा, आणि भिंतींच्या कोपऱ्यांना तीन, त्या मधून कापल्या की चार-चार फुटांचे सहा तुकडे होतात. एक शिल्लक राहते, ती दाराला लागेल.

या सगळ्या पट्ट्या लांबीत मधोमध वाकवायच्या. तोंडी अंश सांगू नका. '१२०' म्हटलं की कुणी आतला कोन धरतो, कुणी किती वाकवायचं ते धरतो, आणि पत्रा एकदा चुकीचा दाबला की सरळ होत नाही. पुठ्ठ्याचा नमुना करून द्या. १० सेंटिमीटरच्या दोन भुजा काढा. टोकांमधलं अंतर १७.३ सेंटिमीटर ठेवलं की १२० अंश, १९.४ सेंटिमीटर ठेवलं की १५१ अंश. कंगोऱ्याच्या सहा पट्ट्या दुसऱ्या नमुन्याच्या, बाकी सगळ्या पहिल्या.

याशिवाय ६ मिलिमीटरचे बोल्ट अडीचशेच्या आसपास आणि त्यांना मोठे, रुंद वॉशर लागतील. छोटा वॉशर प्लायमध्ये रुततो आणि वाऱ्याच्या ओढीने बोल्ट वॉशरसकट आरपार निघतो, त्यामुळे इथे काटकसर करू नका. पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या जुन्या ट्यूब आणा आणि त्यांच्या दोन-दोन इंची पट्ट्या कापा. ब्यूटाइलची वॉटरप्रूफ टेप, ऑइल पेंट, पाऊण इंच जाड नि तीन इंच रुंद लाकडी पट्ट्या, २५ मिलिमीटरचे स्क्रू, ट्रकवाले माल आवळायला वापरतात तो रॅचेटचा पट्टा, आणि दोर. एवढं जमलं की काम सुरू करता येतं.

छपराच्या शीट कापताना

इथे एक मेख आहे. शीट कर्णावर कापली की दोन काटकोन त्रिकोण निघतात, पण ते एकमेकांचं प्रतिबिंब नसतात. ८ फुटांची बाजू ८ फुटांच्या बाजूला लावून समद्विभुज त्रिकोण करायचा तर त्यातला एक उलटा करावा लागतो. प्लायच्या दोन्ही बाजू सारख्या असतील तर बिघडत नाही. एक बाजू गुळगुळीत किंवा फिल्म लावलेली असेल, तर मात्र निम्म्या छपराची चांगली बाजू आत जाते आणि खराब बाजू पावसाला सामोरी राहते. त्यावर उपाय सोपा आहे. तीन शीट डावीकडून उजवीकडे चढणाऱ्या कर्णावर कापा आणि तीन उजवीकडून डावीकडे चढणाऱ्या. मग प्रत्येक जोडीत एक तुकडा इकडचा, एक तिकडचा घ्या. सहाही त्रिकोणांची चांगली बाजू वर येते.

कापून झालं की लगेच सगळ्या कडांना ऑइल पेंटचे दोन हात द्या. प्लाय पाणी पितो तो कडेने. एकदा कड फुगली की थर सुटतात, बोल्टचं भोक सैल होतं आणि सांधा जातो. पाऊस येवो न येवो, हे काम टाळू नका.

सपाट सांधा

हा जमिनीवरच करून घ्या. दोन अर्धे तुकडे ८ फुटांच्या बाजूंनी शेजारी ठेवा. मध्ये २-३ मिलिमीटरची फट सोडा, म्हणजे प्लाय फुगायला जागा राहील. आतल्या बाजूने लाकडी पट्टी त्या फटीवर मधोमध बसवा आणि दोन्हीकडून दर ६ इंचांवर स्क्रू मारा. समोरासमोर मारू नका, नागमोडी मारा, नाहीतर लाकूड त्या रेषेत चिरतं. ९ मिलिमीटरचा प्लाय आणि १९ मिलिमीटरची पट्टी मिळून २८ होतात, म्हणून २५ चा स्क्रू आत टोक काढत नाही.

खालच्या कडेपासून साधारण अडीच फुटांवर एक आडवी पट्टीही लावा. तिथे त्रिकोण अजून बराच रुंद असतो आणि प्लाय झोळ धरतो. झोळ धरला की पाणी तिथेच थांबतं.

बाहेरून फटीवर ब्यूटाइल टेप. आधी जागा कोरड्या फडक्याने पुसा, रंग पूर्ण वाळू द्या, आणि टेप लावल्यावर लाकडाच्या गोल तुकड्याने जोर देऊन घासा. टेप चिकटते ती दाबामुळे, नुसती ठेवून नाही.

प्रत्येक त्रिकोणाचं वरचं टोक ४ इंच कापून टाका. ते अणकुचीदार टोक तसंही वाहतुकीत मोडतं, आणि कापल्याने शेंड्याला हवेसाठी भोक मिळतं.

जमिनीवर षटकोन आखताना

कोनमापक लागत नाही. मधोमध खुंटी ठोका, ८ फुटांच्या दोरीने वर्तुळ काढा आणि त्याच दोरीने परिघावर सहा खुणा करत जा. सातवी खूण पहिलीवर येते. समोरासमोरच्या खुणांमधलं अंतर तिन्ही बाजूंनी १६ फूट भरलं पाहिजे. एखादं कमी-जास्त असेल तर तिथेच दुरुस्त करा, कारण खाली एका इंचाचा फरक असेल तर वर कंगोऱ्याची पट्टी बसत नाही. भिंतीखाली विटांचा एक थर द्या आणि बाहेरून चर खणा. प्लाय मातीला टेकता कामा नये.

भिंतीचा कोपरा

दोन शीट अशा उभ्या करा की आतल्या कडा एकमेकींना टेकतील. बाहेर त्रिकोणी खाच उघडी राहते. तिच्यावर १२० अंशांची चार फुटी पट्टी बाहेरून बसवा, खाली ट्यूबची रबरी पट्टी ठेवा आणि दोन्ही भुजांवर दर फुटाला एक बोल्ट घ्या. भोक कडेपासून दीड इंच आत हवं. त्याहून जवळ घेतलं तर प्लाय फाटतो. भोक ७ मिलिमीटरचं पाडा, म्हणजे ६ चा बोल्ट थोडा हलतो आणि जोडताना माप जुळवता येतं.

पैसे अगदीच कमी असतील तर या उभ्या सांध्यापुरता दोर चालेल. दोन्ही शीटमध्ये दर अर्ध्या फुटावर भोकं पाडून नायलॉनच्या दोरीने बाज विणतात तसं ओवून घट्ट ओढायचं. वाऱ्यात हा सांधा थोडा हलतो पण तुटत नाही. छपराला मात्र दोर वापरू नका, तिथे हललेला सांधा गळतो.

दार एका भिंतीच्या मधोमध कापा. कोपऱ्याच्या सांध्यापासून निदान ९ इंच प्लाय दोन्हीकडे शाबूत राहू द्या.

सहा कोपरे जोडून झाले की भिंतीच्या वरच्या कडेला लागून सगळीकडून रॅचेटचा पट्टा फिरवा आणि आवळा. परीघ ४८ फूट आहे, पट्टा त्याहून लांब घ्या किंवा दोन जोडा. छपराचं वजन भिंतींना सतत बाहेर ढकलत असतं आणि वासे नसल्यामुळे तो रेटा अडवणारं दुसरं काही नाही. खोली उभी आहे तोवर हा पट्टा काढायचा नाही.

भिंत आणि छप्पर

आराखड्यात छपराला पागोळी नाही. छपराची कड आणि भिंत एकाच रेषेत येतात. वाळवंटात त्याने फरक पडत नाही. आपल्याकडे छपराचं सगळं पाणी भिंतीवरून उतरेल आणि वरच्या फटीतून आत येईल. म्हणून इथे आणखी एक पट्टी घाला, पातळ पत्र्याची, ९ इंच रुंद. तिचा आतला भाग छपराखाली, भिंतीच्या माथ्यावरून आत गेलेला, आणि बाहेर ४-५ इंच निघालेला. बाहेरची कड किंचित खाली दुमडा म्हणजे पाणी तिथून सुटून पडेल.

आतून १२० अंशांची पट्टी येते. तिची एक भुजा भिंतीला, दुसरी छपराच्या खालच्या बाजूला. वरून खाली थर असे येतात: प्लाय, पातळ पत्रा, वाकवलेली पट्टी. तिघांमधून एकच बोल्ट जातो. त्याचं डोकं छपरावर उघडं राहतं, त्याखाली ट्यूबचा गोल तुकडा आणि वॉशर हवाच. षटकोनाच्या कोपऱ्यांवर दोन पातळ पट्ट्यांमध्ये पाचरीसारखी फट राहते. तिथे वीतभर पत्र्याचा तुकडा दोन्हींच्या खाली सरकवा. खाली, वर नव्हे. पाण्याचा एकच नियम आहे: वरच्या तुकड्याने खालच्यावर चढावं. कुठल्याही सांध्याशी अडलात तर वरून येणारा थेंब मनात धरा आणि तो कुठल्या कडेवरून कुठे पडेल ते पाहा.

कंगोरे आणि शेंडा

मधोमध एक जाड बांबू उभा करा, वर लाकडाचा गोल ठोकळा, खाली पाचरी. त्रिकोण एकमेकांसमोरचे जोडीने चढवा. सगळे एका बाजूने चढवले तर बांबू कलतो. प्रत्येकाची खालची कड भिंतीवर, वरचं टोक ठोकळ्यावर. सहाही त्रिकोण वर येईपर्यंत एकही बोल्ट पूर्ण आवळायचा नाही. घाई इथेच होते. पहिले तीन घट्ट केले की सहाव्याला जागा कमी पडते आणि मग लोक प्लाय तासत बसतात. सगळे बोल्ट सैल घाला, पाचरी मागेपुढे करून शेंडा जुळवा, आणि मग खालून वर फिरत फिरत सगळीकडे थोडं थोडं आवळत जा. त्यानंतर बांबू काढा.

कंगोऱ्याची पट्टी बाहेरून बसते. तीच मजबुती देते आणि तीच पाणी उतरवते. खाली ट्यूबची पट्टी दोन्हीकडे, दर फुटाला बोल्ट, आतून रुंद वॉशर. कंगोरा शेंडा कापल्यावर साधारण साडेआठ फुटांचा उरतो आणि पट्टी ८ फुटांची आहे. ती खालच्या कडेपासून सुरू करा. वर जो अर्धा-पाऊण फूट उघडा राहतो तो शेंड्याच्या झाकणाखाली गेला पाहिजे.

झाकणाला जुनं मोठं घमेलं उत्तम. त्याला तीन लाकडी ठोकळे लावा आणि दोन इंच उचलून पालथं बसवा, म्हणजे गरम हवा निघून जाते आणि पाऊस आत येत नाही. घमेल्याच्या बाहेर कंगोऱ्याचा जो भाग उरेल त्यावर ब्यूटाइल टेप चढवा, तिची खालची कड पत्र्याच्या पट्टीवर यायला हवी. हवेची वाट असली तरी चूल आत मांडू नका. भिंत, छप्पर सगळं लाकूड आहे.

जमिनीशी जोड

हा सांधा लोक सांध्यांत धरतच नाहीत. सगळी खोली मिळून अडीचशे-तीनशे किलोंची होते. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला ४७ किलोंच्या आसपास असतो आणि छप्पर झाकतं ती जागा साडेपंधरा चौरस मीटर आहे. त्या दाबाच्या निम्मी ओढ जरी छपरावर वरच्या दिशेने आली तरी साडेतीनशे किलोंहून जास्त होते, म्हणजे खोली स्वतःच्या वजनावर थांबत नाही. वाऱ्याच्या भारतीय मानकात पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबईसाठी ४४ मीटर हा मूळ वेग धरला आहे, आणि तो ताशी १०० किलोमीटरच्या बराच वर जातो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीत पक्क्या घरांचीही छपरं उडाली. वादळाचा इशारा असेल तर या खोलीत थांबूच नका, शाळा किंवा पक्की इमारत गाठा.

रोजच्या वाऱ्यासाठी आणि वळवासाठी सुमारे ३५ फुटांचे तीन दोर घ्या. प्रत्येक दोर एका कंगोऱ्यावरून चढून घमेल्यावरून पलीकडच्या कंगोऱ्याने उतरतो आणि दोन्हीकडे खुंटीला बांधला जातो. घमेलंही त्यानेच धरलं जातं. खुंटी म्हणून १२ मिलिमीटरची, ३ फुटांची सळई, डोकं खोलीपासून बाहेर झुकलेलं. मुरमाड जमिनीत ती घट्ट बसते. काळ्या मातीत भरवसा ठेवू नका, एका पावसात माती सैल होते आणि सळई हाताने निघते. तिथे दोन फूट खोल खड्डा घ्या, मुरमाने भरलेलं पोतं दोर बांधून पुरा आणि वर माती चोपा.

उभारल्यावर दुसऱ्या दिवशी आणि पहिल्या वाऱ्यानंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, प्लाय दबून थोडे सैल होतातच. मग बादलीने शेंड्यावर पाणी ओता आणि आत एकाला टॉर्च घेऊन उभं करा. गळती दिसली की तिथे खडूने खूण करा, पण बंद करताना त्याच्या वरच्या बाजूला शोधा, कारण पाणी शिरतं एका जागी आणि पट्टीवरून ओघळून टपकतं दुसऱ्या जागी.

खोली सोडण्याआधी भिंतींना १ ते ६ आणि त्रिकोणांना क ते छ अशी खूण रंगाने आतल्या बाजूला करा, पट्ट्यांनाही तीच. भोकं हाताने पाडलेली असतात, त्यामुळे एका कोपऱ्याची पट्टी दुसऱ्या कोपऱ्यावर बसत नाही. उतरवताना उलटा क्रम घ्या: दोर, घमेलं, बांबू पुन्हा आत उभा, कंगोऱ्यांचे बोल्ट, त्रिकोण, आणि रॅचेटचा पट्टा सर्वांत शेवटी, भिंती सुट्या करायच्या वेळी.